शून्यात नजर : एका चुकीच्या वाचनाविषयी

मराठी कथेतल्या दुःखी माणसाला नजर लावायला एकच जागा राखून ठेवलेली आहे : शून्य. नवरा गमावलेली बाई शून्यात पाहते, गिरणी बंद पडलेला कामगार शून्यात पाहतो, आणि वेड लागण्याच्या बेतात असलेला नायक तर परिच्छेदामागून परिच्छेद शून्यात पाहत राहतो. आपण शिक्षक मंडळी ही खूण वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने वाचत आणि वाचायला शिकवत आलो आहोत : नजर कशावरही स्थिर नाही, अर्थात आत काही शिल्लक नाही. हे वाचन कथेपुरते राहिले असते तर तो वाङ्मयीन आळसाचा एक नमुना म्हणून सोडून देता आला असता. परंतु ते वर्गात, मौखिक परीक्षेच्या दालनात आणि दवाखान्यातही पोचले आहे, आणि तिथे ते जित्याजागत्या माणसांचे नुकसान करते. त्या नुकसानीत माझाही हात आहे. म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात एम. ए.च्या लघुशोधप्रबंधांच्या मौखिक परीक्षेला मी बहिःस्थ परीक्षक होतो. एका विद्यार्थिनीचा प्रबंध चांगला होता. तिने मूळ संहिता खरोखर वाचल्या होत्या, ही आता अपवादानेच आढळणारी गोष्ट. पण समोर बसल्यावर तिची नजर माझ्यावरून कुठेतरी मागे निघून गेली. डोळे उघडे, चेहरा निश्चल, बुबुळे जणू टेबलाच्या पलीकडच्या एखाद्या अंतरावर सैल सोडून दिलेली. उत्तरे येत होती, पण माझ्याकडे पाहून येत नव्हती. मी चिडून म्हणालो, "इकडे बघून बोला." तिने पाहिले, आणि त्यानंतर तिची वाक्ये मध्येच तुटू लागली. मी शेऱ्यात ‘विषयाशी तादात्म्य दिसत नाही’ असे लिहिले आणि ५०पैकी २१ गुण दिले.

पुढे एका चर्चासत्रात तिने मला गाठले. तोवर तिला ऑटिझमचे निदान झाले होते. आवाजात तक्रार नव्हती, खुलासा होता. "सर, मी तुमच्याकडे बघत नव्हते कारण मला तुमचा प्रश्न ऐकायचा होता. नजर सोडली की बाकीचं सगळं मऊ होतं आणि आवाज तेवढा राहतो. तुम्ही बघायला लावलंत, मग मला फक्त तुमचा चेहरा दिसायला लागला."

‘नजर सोडणे’ हा तिचा शब्द. मी तो या लेखात वापरणार आहे, कारण आपल्या कोशातल्या ‘शून्यात पाहणे’पेक्षा तो अधिक अचूक आहे.

१

आधी क्रिया काय आहे ते पाहू. जवळची वस्तू स्पष्ट दिसावी म्हणून डोळ्यातल्या भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचन पावतो, भिंग फुगीर होते आणि दोन्ही डोळे किंचित आत वळून त्या एका वस्तूवर एकवटतात. पुस्तक वाचताना, समोरच्याचा चेहरा पाहताना आपण हे श्रम अखंड करत असतो; सवयीने ते जाणवत नाहीत एवढेच. नजर सोडणे म्हणजे हा ताण मुद्दाम काढून घेणे. जवळच्या वस्तूंच्या कडा विरघळतात, क्वचित एकाच्या दोन दिसतात. तपशील जातो, रंग, उजेड आणि हालचाल उरते. १९९०च्या दशकात रंगीबेरंगी ठिपक्यांच्या चित्रांत दडलेला ससा किंवा मासा शोधण्याची टूम निघाली होती, ती चित्रे ज्यांनी डोळ्यांसमोर धरून पाहिली असतील त्यांना ही क्रिया अनुभवाने ठाऊक आहे.

स्वमग्न म्हटल्या जाणाऱ्या अनेक व्यक्ती ही क्रिया स्वतःला शांत करण्यासाठी वापरतात. हात फडफडवणे, डोलणे, एकच शब्द पुटपुटणे, फिरत्या पंख्याकडे पाहत राहणे यांसारख्या पुनरावृत्त कृतींना इंग्रजी वैद्यकीय परिभाषेने ‘स्व-उत्तेजन’ असे काहीसे संशयास्पद नाव दिले. ऑटिस्टिक लोकांनी त्याचे ‘स्टिमिंग’ असे सुटसुटीत रूप करून ते आपलेसे केले. नजर सोडणे हा त्यातला सर्वांत निःशब्द प्रकार. तो कुणाला त्रास देत नाही, जागा अडवत नाही, आवाज करत नाही. तरीही तोच सर्वाधिक अपमानास्पद रीतीने वाचला जातो. कारण हात फडफडवणारा निदान ‘काहीतरी करतो आहे’ असे दिसते, नजर सोडणारा ‘नाहीच’ असे वाटते.

तो असतो. ऑस्ट्रेलियन लेखिका डॉना विल्यम्स यांचे ‘नोबडी नोव्हेअर’ हे आत्मकथन १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आरंभीच त्या सांगतात, की लहानपणी रिकाम्या जागेकडे पाहत राहिले की त्यांना हवा ठिपक्यांनी भरलेली दिसे, आणि मध्ये येणारी माणसे त्या दृश्याला अडथळा ठरत. माणसांना चुकवून पाहत राहण्याची शिक्षा म्हणून गालावर चपराकही बसे. आपल्या कथाकारांनी हे पुस्तक वाचायला हवे होते. ज्याला आपण शून्य म्हणतो, तिथे त्या मुलीला गच्च भरलेली हवा दिसत होती.

एकट्या आत्मकथनावर विसंबू नये, असे कुणी म्हणेल. २०१९ साली स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी ‘ऑटिझम’ या नियतकालिकात ३२ ऑटिस्टिक प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. संवेदनांचा किंवा विचारांचा भार असह्य झाला की या कृती आपल्याला सावरतात, असे त्या लोकांनी सांगितले, आणि त्या मोडून काढणाऱ्या उपचारांना विरोध नोंदवला. ३२ ही संख्या लहान आहे, हे मान्य. पण त्याआधीची कित्येक दशके याच कृतींवर शास्त्रीय लेखन होत होते, आणि त्यातल्या बहुतेक लेखनात ती करणाऱ्यांची साक्ष काढण्याची गरज भासली नव्हती. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही परिस्थिती ओळखीची वाटायला हवी. संहिता समोर आहे, तिचा कर्ता हयात आहे, बोलायला तयार आहे. आणि भाष्यकार मात्र एकमेकांचीच भाष्ये उद्धृत करत आहेत.

२

हे चुकीचे वाचन आले कुठून? प्रथम शब्दाकडे पाहू. ‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवला, तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी : बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून आतल्या जगात बुडून जाणे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांचे वर्णन करताना तो उचलला. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गेर यांनी आपल्या मुलांचे वर्णन केले. त्यात त्या मुलांच्या कशावरच न टेकणाऱ्या नजरेची खास नोंद आहे. (हेच आस्पेर्गेर नाझी राजवटीच्या बालहत्येच्या यंत्रणेशी सहकार्य करत होते, हे २०१८ साली हेरविग चेख यांनी कागदपत्रांनिशी दाखवले. कोणाच्या डोळ्यांनी आपण ही मुले प्रथम पाहिली, हे विसरू नये म्हणून हा कंस.)

मराठीने या शब्दाला ‘स्वमग्नता’ असा प्रतिशब्द दिला. शब्द सुंदर आहे, आणि अडचण तिथेच आहे. लक्षणाचे नाव म्हणून तो आला आणि येतानाच आपला निकाल सोबत घेऊन आला. ‘स्वमग्न’ म्हटले की हे मूल स्वतःत बुडालेले आहे, ही गोष्ट तपासण्याआधीच सिद्ध होते. वास्तविक पडद्याच्या कडेने येणाऱ्या उजेडात, पाण्याच्या थेंबात, पंख्याच्या पात्यांत रमलेले मूल ‘स्व’त कुठे बुडाले? ते तर जगातच बुडाले आहे; फक्त जगाच्या ज्या भागात आपण उभे आहोत त्या भागात नाही. आपल्याकडे पाहत नाही तो स्वतःकडेच पाहत असणार, या अनुमानात जगाचा मध्यबिंदू नेमका कोण आहे, हे वाचकांनी ठरवावे. मी तो शब्द रद्द करा असे म्हणत नाही. कायद्याच्या आणि शाळांच्या कागदांत तो रुळला आहे. पण साहित्याच्या लोकांनी तरी तो रूपक म्हणून ओळखावा.

रूपके किती महागात पडतात याचा दाखला म्हणजे १९६७ सालचे ब्रूनो बेटलहाइम यांचे गाजलेले पुस्तक. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘रिकामा किल्ला’. मूल हा किल्ला, आत कोणी नाही, आणि तो रिकामा पडण्याचे कारण आईच्या वागण्यातला थंडपणा. या सिद्धांताला आधार नव्हता, आणि तो पुढे कोसळलाही. पण दरम्यान असंख्य आयांनी स्वतःला अपराधी मानून आयुष्ये काढली. आपली ‘शून्यातली नजर’ आणि हा ‘रिकामा किल्ला’ ही सख्खी भावंडे आहेत.

रूपकानंतर शिस्त आली. कॅलिफोर्नियात इवार लोवास यांनी वर्तनोपचाराची जी पद्धत विकसित केली, तिचा गृहीत सिद्धांत असा, की अशा कृतींत गुंतलेले मूल शिकू शकत नाही, म्हणून त्या कृती आधी संपवाव्यात. १९८७ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध अभ्यासात १९ मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवणी होती, आणि त्यांपैकी ९ मुले ‘सामान्य’ झाल्याचा दावा होता. त्याच पद्धतीत मोठ्याने ‘नाही’ म्हणणे आणि मांडीवर चापट मारणे यांचाही समावेश होता. आजचे बहुतेक वर्तनोपचारक चापट मारत नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु ‘माझ्याकडे बघ’ ही आज्ञा, आणि बघितल्यावर हातावर ठेवलेली गोळी किंवा चिप्सचा तुकडा, हे दृश्य मी स्वतः पाहिले आहे. बघणे हे तिथे भाजीच्या बदल्यात दिलेल्या पैशासारखे चलन झालेले असते.

३

आता साहित्याच्या प्राध्यापकांना विशेष रस वाटावा असा एक प्रयोग. २००२ साली आमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक तरुणांना एडवर्ड ऑल्बी यांच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वूल्फ?’ या नाटकावरील १९६६ सालच्या चित्रपटातली दृश्ये दाखवली आणि त्यांची नजर पडद्यावर कुठे जाते हे यंत्राने टिपले. बाकीचे प्रेक्षक पात्रांच्या डोळ्यांकडे पाहत होते. ऑटिस्टिक प्रेक्षक त्यांच्या तोंडांकडे, शरीरांकडे, खोलीतल्या वस्तूंकडे. हा निष्कर्ष पुढे अनेक ठिकाणी ‘सामाजिक अंधत्वा’चा पुरावा म्हणून सांगितला गेला.

पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही. त्या ऑटिस्टिक प्रेक्षकांपैकी जे तोंडाकडे अधिक वेळ पाहत होते, त्यांचा सामाजिक वावर तुलनेने अधिक चांगला होता. यात नवल काय? ऑल्बीच्या त्या नाटकात चार माणसे रात्रभर दारू पितात आणि शब्दांनी एकमेकांची चामडी सोलतात. तिथे जे घडते ते तोंडातून घडते. नाटकाचा मर्म शब्दांत शोधणाऱ्या प्रेक्षकाला आपण एरवी जाणकार म्हटले असते. आणि बोलणे समजून घेण्याचा मार्ग डोळ्यांतूनच जातो, हा नियम कुठल्या नाट्यशास्त्राने सांगितला?

उलट डोळ्यांत पाहायला लावल्यावर काय होते, याचाही अंदाज आता आहे. २०१७ साली नूशीन हाजीखानी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, चेहऱ्यातील डोळ्यांच्या भागावरच नजर रोखायला लावली असता ऑटिस्टिक व्यक्तींच्या मेंदूतील भावनिक इशारे हाताळणारी खोल केंद्रे अवाजवी प्रमाणात उद्दीपित झाली. म्हणजे नजर चुकवणे हे समोरच्याविषयीच्या अनास्थेतून येते, हा समज डळमळीत होतो. समोरच्याचा भार जास्त होतो, म्हणूनही नजर वळत असेल. माझ्या विद्यार्थिनीने एका वाक्यात सांगितले ते हेच.

४

या सगळ्यावर आपली खास देशी ढोंगबाजी पाहा. ज्या समाजात मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे हा उर्मटपणा समजला जातो, ‘मान वर करून बघतोस?’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा, त्याच समाजातले आपण, समुपदेशकाच्या दालनात आणि मुलाखतीच्या टेबलावर गेलो की नजरेला नजर हा माणुसकीचा शाश्वत निकष असल्यासारखे बोलू लागतो. हा निकष आपण अलीकडे आयात केला आहे. आयातीला माझी हरकत नाही. पण आयात मालावर ‘निसर्गदत्त’ असा शिक्का मारू नये.

दुसरे ढोंग कलेतले. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसलेल्या हजारो मुलांना शिक्षकांनी सांगितलेले असते : डोळे किलकिले कर, तपशील विसर, उजेड-अंधाराचे मोठे आकार बघ. मूल ते मार्कांसाठी करते तेव्हा ते कौशल्य. साहित्यात आपण श्क्लोव्हस्कीचा १९१७ सालचा निबंध शिकवतो, ओळखीच्या वस्तूला अनोळखी करून पाहणे हे कलेचे कार्य आहे असे फळ्यावर लिहितो, आणि त्याच वर्गात मागच्या बाकावर एखादा मुलगा सरावलेली नजर खरोखरच सोडून बसलेला असला की ‘लक्ष कुठे आहे?’ म्हणून खडू फेकतो.

तिसरे ढोंग अध्यात्मातले. नासिकाग्रावर नजर ठेवून बसलेला योगी गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे. अर्धोन्मीलित नेत्र हे आपल्या मूर्तिकलेत शांतीचे लक्षण आहे. ‘उन्मनी’ हा शब्द आपल्या संतपरंपरेने आदराने वापरला आहे. तीच सैल नजर सात वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसली की तक्रारवहीत नोंद होते.

मात्र इथे एक धोक्याची सूचना. या तुलनेवरून ‘ही मुले जन्मजात योगी असतात’ असे म्हणणारे हळवे लोक लगेच पुढे येतात, आणि त्यांचा मला वर्तनोपचारकांइतकाच राग येतो. योग्याची नजर साधनेने मिळवलेली असते. शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या कोलाहलात नजर सोडणारे मूल केवळ पुढची दहा मिनिटे निभावून नेत असते. त्याला ऋषी करणे म्हणजे पुन्हा त्याची साक्ष न काढता त्याच्यावर आपला अर्थ लादणे. रिकामा किल्ला काय आणि सोन्याचा गाभारा काय, राहणाऱ्याला विचारलेले नसतेच.

५

आक्षेपांना उत्तर दिल्याशिवाय वाद पुरा होत नाही.

पहिला आक्षेप वैद्यकीय, आणि तो खरा आहे. एकटक, हरवलेली नजर हे फिट्सच्या एका प्रकाराचेही लक्षण असू शकते. ऑटिस्टिक व्यक्तींत अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते. अशा झटक्यात मूल काही सेकंद हाकेला किंवा स्पर्शाला प्रतिसाद देत नाही, चालू वाक्य मध्येच तुटते, आणि नंतर त्याला ते आठवत नाही. शंका असेल तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे, डोळेही तपासावेत. पण आजार वगळण्यासाठी तपासणे वेगळे आणि आजार नाही असे कळल्यावरही सवय मोडणे वेगळे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. रस्ता ओलांडताना नजर सोडता येणार नाही, हे उघड आहे. डोके आपटणे किंवा डोळ्यांत बोटे खुपसणे यांसारख्या इजा करणाऱ्या कृतींना हा बचाव लागू नाही, हेही उघड आहे. आपण रस्त्यात पुस्तकही वाचत नाही. म्हणून वाचनबंदीची मागणी कुणी केलेली ऐकिवात नाही.

तिसरा आक्षेप असा, की हे तर सगळेच करतात, त्यात विशेष काय? बरोबर. कंटाळवाण्या व्याख्यानात आपण सारेच नजर सोडतो. फरक गरजेचा आणि शिक्षेचा आहे. आपल्याला तिची गरज क्वचित पडते आणि तिच्याबद्दल आपल्याला कुणी शिक्षा करत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर. कॅपच्या अभ्यासातले किंवा आत्मकथने लिहिणारे लोक बोलू-लिहू शकणारे आहेत. जे मूल बोलतच नाही, त्याची नजर सुटते ती शांत होण्यासाठीच, हे कशावरून? मी प्रामाणिकपणे सांगतो : प्रत्येक बाबतीत ते सिद्ध करता येणार नाही. पण मग दुसऱ्या बाजूलाही ते सिद्ध करता येत नाही, आणि आजवर सगळी कारवाई दुसऱ्या बाजूने झालेली आहे. अर्थ कळत नसलेली ओळ खोडून टाकण्याचा अधिकार संपादकाला कोणी दिला? पाठचिकित्सेचा पहिला धडा असा, की दुर्बोध पाठ हा भ्रष्ट पाठ असेलच असे नाही. तो तसाच ठेवावा, टीप द्यावी, आणि थांबावे.

डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली असे मांडले, की ऑटिस्टिक आणि इतर माणसे यांच्यातला दुरावा दुहेरी आहे. त्यांना आपण कळत नाही तितकेच आपल्यालाही ते कळत नाहीत. फरक एवढाच, की आपल्या न कळण्याला कोणी विकार म्हणत नाही. परीक्षेच्या त्या दालनात समोरच्याचे मन वाचता न आलेला माणूस मी होतो. गुण मात्र तिचे गेले.

मागणी फार मोठी नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रवर्गांत ऑटिझम आहे आणि शिक्षणात वाजवी सोयीसुविधा देण्याचे बंधनही त्यात आहे; पण त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने प्रमाणपत्र काढून परीक्षकापुढे ठेवावे, ही अपेक्षा असभ्य आहे. अनेकांना निदानच झालेले नसते. त्यापेक्षा आपण आपल्या मूल्यमापनाच्या तक्त्यातून ‘आत्मविश्वास’, ‘देहबोली’, ‘नजरभेट’ असले रकाने काढून टाकावेत. मौखिक परीक्षेत प्रश्न लेखी स्वरूपातही समोर ठेवावा. उत्तर खिडकीकडे पाहून आले तरी ते उत्तर म्हणून ऐकावे. आणि पुढच्या वेळी कथेत कोणी शून्यात नजर लावून बसलेला भेटला, तर वर्गाला त्याचा अर्थ सांगण्याआधी लेखकाने त्या माणसाला काय दिसते आहे याचा शोध घेतला आहे का, एवढे विचारावे. बहुतेक कथांत तो घेतलेला नाही. ते त्या कथांचे न्यून आहे, त्या माणसाचे नाही.

त्या विद्यार्थिनीचे गुण वाढवून मिळावेत म्हणून मी विद्यापीठाला पत्र लिहिले होते. निकाल जाहीर झाल्यानंतरची मुदत टळली असल्याने बदल करता येणार नाही, असे उत्तर आले. तिच्या गुणपत्रिकेवर ते २१ तसेच आहेत.